पुण्याचीं उपाहारगृहें : कोठें काय मागवावें

इ. स. १८९० च्या ऑक्टोबर महिन्यांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें एका व्याख्यानाच्या निमित्तानें शहरांतील पुष्कळ प्रतिष्ठित मंडळी जमली होती. व्याख्यान आटोपल्यावर चहा आणि बिस्किटें पुढें आलीं. कोणी चहा घेतला, कोणी पेल्यास नुसता हात लावला, कोणी तोहि लावला नाहीं. पुढें गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करविलीं आणि गांवांत ग्रामण्य माजलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. न्यायमूर्ति रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाहि प्रायश्चित्ताच्या प्रश्नास तोंड द्यावें लागलें. चहा कसा झाला होता, गोड कीं अगोड, याची चौकशी मात्र कोणी केल्याचें माझ्या वाचनांत नाहीं.

आतां गंमत अशी कीं, त्याच पुण्याच्या लष्कर भागांत या घटनेच्या बारा वर्षें आधींपासून, म्हणजे १८७८ सालापासून, दोराबजींच्या दुकानांत चहा आणि मस्का लावलेला पाव राजरोस विकला जात होता. पेठांपासून लष्कर तें कितीसें दूर? पायीं चालत गेलें तरी अर्ध्यापाऊण तासाची वाट. परंतु तेवढ्या वाटेंत चहाचा धर्म बदलत असे.

पुण्याच्या उपाहारगृहांविषयीं आज मला बोलावयाचें आहे तें या दोन गोष्टी शेजारीं ठेवूनच. या शहरांत घराबाहेर खाणें हा पुष्कळ काळपर्यंत केवळ जिभेचा प्रश्न नव्हता. अन्न कोणाच्या हातचें, पाणी कोणत्या भांड्यांतलें, पंक्तीस शेजारीं कोण, हे प्रश्न आधीं येत. चव मागाहून येई. त्यामुळें येथील जुनें घर पाहिलें तर तें बहुधा कोणा ना कोणा अडलेल्या माणसाच्या आधारावर उभें राहिलेलें दिसतें. शिकावयास आलेला परगांवचा विद्यार्थी, रात्रीं उशिरां मोकळा होणारा नट, कचेरींतला कारकून, लष्करांतला शिपाई, अशांचीच ती यादी आहे. आणि त्या घराचा नांवाजलेला पदार्थ म्हणजे त्या पहिल्या गिऱ्हाइकाची गरज होय. म्हणून कोठेंहि गेलें असतां भिंतीवरची लांबलचक यादी वाचण्यापूर्वीं, हें घर कोणाच्या पोटासाठीं चाललें, एवढें मनाशीं विचारावें. काय मागवावें याचें उत्तर बहुधा त्यांतच मिळून जातें.

प्रथम विद्यार्थी घेऊं. पुणें स्वतःस विद्येचें माहेरघर म्हणवितें. परंतु माहेरीं आलेल्या लेकरांच्या जेवणाची व्यवस्था मात्र कित्येक वर्षें माधुकरीवर आणि वारांवर चालली होती. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या, आणि एखादा वार मोकळा राहिला तर त्या दिवशीं पाणी पिऊन अभ्यास. वारानें अन्न मिळे, पण त्याबरोबर मिंधेपणहि मिळे. महिन्याचे पैसे मोजून ताठ मानेनें जेवतां येईल अशी खाणावळ हा त्या मिंधेपणावरचा उतारा होता. टिळक रस्त्यावरील बादशाही बोर्डिंग हें १९३२ सालचें. नांव बादशाही, जेवण मात्र मध्यम स्थितींतल्या घरचें : पोळी, भाजी, कोशिंबीर, आमटी, भात. अशा ठिकाणीं जाऊन एखाद्या खास पदार्थाची फर्माईश करणें म्हणजे त्या घराचा हेतूच न समजणें होय. ताट जसें येईल तसें घ्यावें. लक्ष ठेवावयाचें तें आमटीकडे. तुरीची डाळ, गोडा मसाला, आमसूल किंवा चिंच आणि गुळाचा खडा, इतक्या थोड्या साहित्यावर आमटी होते, आणि म्हणूनच तींत लबाडी लपत नाहीं. गूळ पुढें आला कीं ती गोडमिट्ट होते, मसाला पुढें आला कीं काळी पडते. साधली तर यांपैकीं काय पडलें आहे हें ओळखूं येत नाहीं. आमटी भातावर घ्यावी, वाटी तोंडाला लावूं नये, असें वडील माणसें सांगत. खाणावळींत तो नियम पाळणारा मनुष्य मीं तरी पाहिलेला नाहीं.

लक्ष्मी रस्त्यावरील पूना गेस्ट हाऊसची कथा निराळी आहे. मूकपटांच्या काळांतील दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनीं तें १९३५ सालीं काढलें, आणि नाटक-सिनेमाच्या मंडळींचा तेथें राबता राहिला. या मंडळींचें जेवण घड्याळावर नसतें. प्रयोग संपतो तेव्हां गांवच्या चुली विझलेल्या असतात, आणि तोंडावरचा रंग पुसतांना जी भूक लागते तिला मिठाई चालत नाहीं. तिला घरचें, ऊन आणि झटपट होणारें कांहीं तरी लागतें. म्हणून अशा घरीं मी थालीपीठ मागवितों. थालीपीठाचा सारा जीव भाजणींत आहे. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहूं, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने, जिरें हीं सारीं वेगवेगळीं भाजावीं लागतात. कारण प्रत्येकाला लागणारी आंच निराळी. सगळीं एकदम कढईंत टाकलीं कीं उडीद करपतो आणि हरभरा कच्चा राहतो. ही मेहनत आधींच होऊन डब्यांत भरलेली असल्यामुळें ऐन वेळीं कांदा, तिखट, मीठ घालून पीठ भिजविलें कीं झालें. थापतांना मधें आणि भोंवतीं भोंकें पाडतात तीं शोभेसाठीं नव्हेत. त्यांतून तेल खालीं उतरतें आणि जाड थालीपीठ मध्यभागींहि खरपूस होतें. वर लोण्याचा गोळा असावा. तो वितळण्यापूर्वीं पहिला घास घ्यावा.

कारकुनाला मात्र इतका वेळ नसे. त्याला मधल्या सुट्टींत उभ्याउभ्या खावयास कांहीं तरी हवें, आणि त्यासाठीं वड्यासारखा दुसरा पदार्थ नाहीं. केळकर रस्त्यावरील प्रभा विश्रांतिगृहाचा बटाटेवडा प्रसिद्ध आहे. तेथें दुसरें कांहीं मागवूं नये, एवढेंच सांगतों. वडा कढईंतून निघतांना आपण हजर असावें. गार वड्याची स्तुति कोणीं करूं नये.

मिसळीवर मात्र थोडें थांबलें पाहिजे, कारण तिच्यावरून हल्लीं पुणें आणि कोल्हापूर यांच्यांत जी भांडणें होतात तीं बहुधा गैरसमजावर उभीं आहेत. नारायण पेठेंत मुंजाबाच्या बोळांत बेडेकरांचें दुकान आहे. नांवांत अद्यापि 'टी स्टॉल' आहे, परंतु लोक रांग लावतात ती मिसळीसाठीं. ही मिसळ गोडसर आहे, अशी तक्रार नवखे लोक करतात. ती तक्रार नसून वर्णन आहे! पेठांतल्या घरीं आमटींत गूळ पडतो, भाजींत गूळ पडतो. त्याच घरांतला माणूस सकाळीं बाहेर येऊन मिसळ खातो, तेव्हां त्याला ओळखीचीच चव लागते. तळाशीं पोहे आणि बटाट्याची भाजी, वर शेव, चिवडा, कांदा, कोथिंबीर, आणि या सर्वांवर रस्सा. बरोबर पावाचे काप. वरून मागून घेतात त्या रश्श्याला येथें 'सँपल' म्हणतात. नमुना या अर्थाचा इंग्रजी शब्द पुणेकरानें पोटभर मागावयाच्या वस्तूला कां दिला, हें एखाद्या भाषापंडितानें शोधून काढावें. कोल्हापुरी धाटणीची झणझणीत मिसळ हवी असेल तर कर्वे रस्त्यावर 'काटा किर्र' आहे. तेथें जावें आणि घाम पुसावयास रुमाल बरोबर न्यावा. बेडेकरांकडे जाऊन कोल्हापूर मागूं नये. आणि कोठेंहि असो, सगळें एकदम कालवूं नये. शेवेचा कुरकुरीतपणा गेला कीं मिसळ ही नुसती पातळ भाजी उरते.

मिसळीनंतर चहा आलाच, आणि चहाबरोबर आपण पुन्हां १८९० सालापाशीं येतों. पुण्याच्या पेठांतून 'अमृततुल्य' नांवाचीं चहाचीं दुकानें आहेत. जुन्या दुकानांचे पुष्कळसे मालक मूळचे राजस्थानांतील श्रीमाळी ब्राह्मण, आणि दुकानास नांव बहुधा एखाद्या देवाचें. पितळेच्या भांड्यांत दूध, पाणी, साखर, चहा हें एकत्र उकळतें. आलें आणि वेलदोडा लहानशा खलांत कुटून त्यांत टाकतात आणि तो चहा फडक्यानें गाळतात. ज्या गांवानें मिशनच्या चहावरून एवढा गहजब केला, त्या गांवांत ब्राह्मणाच्या हातचा, देवाच्या नांवाचा आणि पितळेच्या भांड्यांतला चहा चालावा, यांत मला तरी योगायोग दिसत नाहीं. चहा जिंकला, पण सोवळें नेसून जिंकला. तो उत्तम असतो, हें वेगळें.

आतां नदी ओलांडून डेक्कन जिमखान्यावर जाऊं. येथील गुडलक कॅफे १९३५ सालचा, म्हणजे पूना गेस्ट हाऊसचा समवयस्क. एकाच वर्षीं मुठेच्या अलीकडे थालीपीठ आणि पलीकडे इराण्याचा खिमा-पाव, असे हे दोन संसार सुरू झाले. इराणी हा परका मनुष्य. पेठांच्या पंक्तिभेदाशीं त्याला कर्तव्य नव्हतें. कॉलेजच्या पोरांना ही मोकळीक मानवली, आणि घरीं न सांगतां पहिलें आम्लेट खाल्लेले पुणेकर गृहस्थ कमी नसतील. येथें बनमस्का आणि चहा घ्यावा. इराणी चहाची रीत अमृततुल्याच्या उलट : चहाचा अर्क वेगळा, आटविलेलें दूध वेगळें, आणि दोहोंची गांठ पेल्यांत. म्हणून तो जड लागतो आणि पाव बुडवावयास बरा पडतो.

पण ही मोकळीक सर्वांची होती असें समजूं नये. ज्यांना समाजानें अस्पृश्य ठरविलें होतें, त्यांना देशांत ठिकठिकाणच्या चहाच्या दुकानांतून बाकावर बसूं देत नसत. त्यांची कपबशी वेगळी असे आणि ती त्यांनींच धुवावयाची असे. भारताची राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आली, तिच्या पंधराव्या कलमांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें आणि हॉटेलें यांचा स्पष्ट उल्लेख आहे : धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तेथें कोणासहि मज्जाव करतां येणार नाहीं. राष्ट्राच्या घटनेला उपाहारगृहाचें नांव घेऊन सांगावें लागलें, यावरून एका बाकाची किंमत काय होती हें समजावें. यादीवरचा कोणताहि पदार्थ या कलमाहून जुना असो वा नवा, तो कोणीहि मागवूं शकतो तो त्या कलमामुळें.

गुडलकपासून फर्ग्युसन कॉलेजच्या रस्त्यानें थोडें पुढें गेलें कीं वैशाली लागतें. पूर्वीं त्याचें नांव मद्रास हेल्थ होम होतें. उडुपीच्या बाजूनें लहान वयांत आलेले जगन्नाथ शेट्टी यांनीं तें वाढविलें; ते २०२३ सालीं वारले. दक्षिणी घरांत डोसा आणि कॉफी मागावी हें ठीकच, परंतु येथला गाजलेला पदार्थ दक्षिणेचा नव्हेच. तो आहे एस. पी. डी. पी. : शेव, पोटॅटो, दही, पुरी यांचीं आद्याक्षरें. दक्षिणेकडच्या माणसाच्या हॉटेलांत उत्तरेकडची चाट, तिला इंग्रजी अक्षरांचें नांव, आणि खाणारीं मुलें मराठी. त्या रस्त्यावरच्या कॉलेजजीवनाचें हें खरें रूप आहे. बशी समोर आली कीं गप्पा थांबवाव्या. पुरी दह्यांत मऊ पडावयास गप्पांइतका वेळ लागत नाहीं.

गोडाचें म्हणाल तर मस्तानी. दाट दुधांत फळाचा रस आणि आइस्क्रीम घुसळून वर आइस्क्रीमचा आणखी एक गोळा, असा हा उंच पेला असतो. सदाशिव पेठेंत निंबाळकर तालमीपाशीं सुजाताची मस्तानी मिळते. उन्हाळ्यांत आंब्याचीच घ्यावी. बाजीरावांच्या मस्तानीशीं तिचा संबंध जोडणाऱ्या कथा ऐकूं येतात. बाजीराव आणि मस्तानी दोघेंहि १७४० सालीं निवर्तलीं, आणि तेव्हां शनिवारवाड्यांत आइस्क्रीम नव्हतें, एवढें इतिहासाच्या शिक्षकानें सांगितल्यावर मुलें खट्टू होतात. पेला मात्र रिकामाच करतात.

शेवटीं लष्कर. १८१७ सालच्या खडकीच्या लढाईनंतर इंग्रजांचें ठाणें येथें बसलें, आणि पारशी व्यापारी त्याच्या मागोमाग स्थिरावले. दोराबजींचें तें चहा-पावाचें घर पुढें बिर्याणी आणि पारशी जेवणासाठीं नांवाजलें. येथें धनसाक मागवावें. निरनिराळ्या डाळी, लाल भोपळा आणि मटण एकत्र शिजवून केलेलें हें कालवण, सोबत साखर जाळून तांबूस केलेला भात आणि कांद्याची कचुंबर. पारशी लोक हा पदार्थ सणासुदीला करीत नाहींत. घरांत मृत्यु झाला असतां तीन दिवस मांस वर्ज्य करून चौथ्या दिवशीं तो करण्याची त्यांची चाल आहे. एरवीं तें त्यांचें रविवारचें जेवण. तेव्हां तुमच्या पारशी स्नेह्याच्या घरीं लग्न असेल, तर धनसाकाची गोष्ट तेथें काढूं नका. आणि रविवारीं दुपारीं लष्करांत जाऊन तें खाणार असाल, तर संध्याकाळपर्यंत दुसरें कांहीं काम ठरवूं नका.