होला हो न म्हणणारं मन

‘याला ठाण्याला पाठवा!’ ही थट्टा मुंबईच्या मराठी घरांमध्ये किती पिढ्या चालली असेल! ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 सालचं, त्यामुळे गावाचं नावच वेडाशी जोडलं गेलं. त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ सुरू केली. सगळे तिला आयपीएच म्हणतात. मन ही फक्त रुग्णांची नाही, सगळ्यांचीच बाब आहे, हे ती संस्था तेव्हापासून सांगते आहे.

आता मनातलं ऐकायला तिसरंच कुणी आलं आहे. सकाळच्या कल्याण लोकलमध्ये चौथ्या सीटवर कसाबसा टेकलेला एखादा तरुण मोबाइलवर टाइप करतो: ‘साहेब सगळ्यांसमोर बोलले. माझी लायकीच नाही.’ दिवा यायच्या आत चॅटबॉटचं उत्तर हजर. ते मऊ असतं, नीटनेटकं असतं आणि बऱ्याचदा शहाणपणाचंही असतं. पण पलीकडे कुणाला काही समजलं का?

हा प्रश्न जुना आहे. एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबॉम यांनी 1966 मध्ये ‘एलायझा’ या प्रोग्रॅमची माहिती प्रसिद्ध केली. समोरच्याने आईचा उल्लेख केला की एलायझा घरच्यांबद्दल विचारायची. काहीच सापडलं नाही तर ‘पुढे सांगा’ म्हणायची. नियम एवढेच. तरीही हे काम जवळून पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीने थोड्याच वेळात त्यांना विनंती केली: जरा बाहेर जाता का, मला तिच्याशी खासगी बोलायचंय. वायझेनबॉम हादरले. पुढे 1976 मध्ये त्यांनी यंत्राला माणूस समजण्याच्या या मोहावर टीका करणारं पुस्तकच लिहिलं.

तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी 1980 मध्ये हाच मुद्दा एका कल्पित खोलीतून मांडला. आत बसलेल्याला चिनीचा गंधही नाही, पण हातात नियमांचं पुस्तक आहे. चिनी अक्षरांत आलेल्या चिठ्ठ्यांना तो अचूक चिनी उत्तरं देतो. बाहेरच्यांना वाटतं, भाषा येते. सर्ल म्हणाले, अक्षरं जुळवणं म्हणजे अर्थ कळणं नव्हे. विरोधकांचं म्हणणं, माणसाला नसेल कळत, पण पुस्तकासकट अख्ख्या खोलीला कळतं. हा वाद अजून मिटलेला नाही.

आपल्याकडच्या सांख्य दर्शनकारांनी या प्रश्नाची मांडणीच वेगळी केली होती, आणि ती आज फार कामाची वाटते. त्यांच्या मते मन, बुद्धी आणि अहंकार हे तिन्ही प्रकृतीचेच, म्हणजे जड. चैतन्य असतं ते पुरुषाचं, म्हणजे नुसतं पाहणाऱ्या साक्षीचं. बुद्धीच जड म्हटल्यावर यंत्र हिशेब करतं, तर्क लढवतं, यात नवल ते काय? अडतं ते साक्षीपाशी.

ठाण्यातल्या कामाकडे परतलं की प्रश्न जमिनीवर येतो. आयपीएचच्या कामात आणि डॉ. नाडकर्णींच्या लेखनात अल्बर्ट एलिस यांच्या आरईबीटीला, म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचाराला, मोठं स्थान आहे. महाराष्ट्रात ही पद्धत रुजवली मुंबईच्या प्रा. कि. मो. फडके यांनी, एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून. 1955 च्या सुमारास मांडलेली ही पद्धत कागदावर तीन रकान्यांत मावते. ‘अ’मध्ये घडलेली घटना: साहेब बोलले. ‘क’मध्ये परिणाम: रडू, रजा, रात्रभर जागरण. लोक सहसा ‘अ’वरून थेट ‘क’वर उडी मारतात. एलिस बोट ठेवतात मधल्या ‘ब’वर: ‘मला कुणी कधीच बोलता कामा नये, बोललं तर मी कवडीमोल.’ मग ‘ब’ची उलटतपासणी. नियम कुणी केला? पुरावा कुठे? आवडत नाही आणि सहनच होत नाही, हे एकच का?

इतकी पायऱ्यापायऱ्यांची पद्धत यंत्राला जमणारच. रकाने भरायला, रात्री दोन वाजता प्रश्न विचारायला चॅटबॉट हाताशी असेल तर नाक मुरडायचं कारण नाही. घोडं पेंड खातं ते उलटतपासणीत. एलिस फटकळ म्हणून प्रसिद्ध होते. समोरच्याचं म्हणणं खोडून काढणं हाच त्यांचा उपचार. चॅटबॉटचा कल मात्र गिऱ्हाईक खूश ठेवण्याकडे झुकू शकतो, कारण लोकांना आवडलेल्या उत्तरांवरूनही त्याला घडवलं जातं. एप्रिल 2025 मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीचं एक अपडेट मागे घ्यावं लागलं, कारण ते नको तितकं होला हो करू लागलं होतं. ‘माझी लायकीच नाही’ म्हणणाऱ्याला नुसती सहानुभूती मिळाली तर ‘ब’ला धक्का लागत नाही.

आणि विरोध करायला यंत्राला शिकवलं तरी एक फरक उरतोच. समुपदेशक चुकला तर त्याची झोप उडते, सहकाऱ्यांपुढे उत्तर द्यावं लागतं. यंत्राचं पणाला काय लागतं? एखाद्याच्या बोलण्यात जीव द्यायचा विचार डोकावला, तर रकाने बाजूला ठेवून त्याच्या घरी फोन करायचा की नाही, हे कुणीतरी स्वतःच्या जबाबदारीवर ठरवावं लागतं. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेल्या टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येतं. तो फोन समुपदेशक उचलतो, आणि गरज पडली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतो.