दिव्यांचे चित्र आणि बिंदूंचा हिशेब

दसऱ्याच्या दिवसांत म्हैसूरला गेलेला प्रवासी संध्याकाळी राजवाड्यासमोर थांबल्यावाचून राहत नाही. जुना लाकडी राजवाडा १८९७ साली आगीत नष्ट झाला आणि हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाने आखलेला आजचा राजवाडा १९१२ साली पूर्ण झाला. त्याच्या घुमटांच्या व कमानींच्या कडांवर सुमारे एक लाख विजेचे दिवे बसविलेले आहेत. दिवे लागताच दूर उभे राहून पाहणाऱ्याला सोनेरी, अखंड रेषांनी काढलेले चित्र दिसते. तोच पाहणारा भिंतीजवळ गेला, की रेषा नाहीशा होतात आणि सुटे सुटे दिवे दिसू लागतात. दिवे तेच असतात. बदललेले असते ते पाहणाऱ्याचे अंतर.

मोठ्या फलकांच्या छपाईचे मर्म या अनुभवात आहे. संगणकावरील छायाचित्र हेही असेच असंख्य रंगीत बिंदूंचे बनलेले असते. या बिंदूंना पिक्सेल म्हणतात. छायाचित्र काढले जाते तेव्हाच त्यातील बिंदूंची संख्या ठरते. ते लहान कागदावर छापले, तर बिंदू दाटीने बसतात. मोठ्या फलकावर छापले, तर तेच बिंदू पसरतात आणि प्रत्येक बिंदू मोठा होतो. म्हणून छायाचित्र किती मोठे छापता येईल, हे सांगण्यापूर्वी ते किती अंतरावरून पाहिले जाणार आहे, हे विचारावे लागते.

मानवी डोळ्याला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागापेक्षा कमी कोनात असलेले दोन बिंदू वेगळे ओळखता येत नाहीत. एक फुटावर धरलेल्या पुस्तकातील चित्रात दर इंचाला सुमारे ३०० बिंदू असावे लागतात, ते याच कारणाने. अंतर दहापट झाले, की दहाव्या हिश्शाइतके बिंदू पुरतात. यावरून एक सोपा नियम मिळतो : ३०० या संख्येला फुटांतील अंतराने भागावे. दहा फुटांवरून पाहायच्या फलकाला दर इंचाला ३० आणि तीस फुटांवरून पाहायच्या फलकाला १० बिंदू पुरेसे होतात.

समजा, म्हैसूरमधील एखाद्या मंडळाला दसऱ्यासाठी २० फूट रुंद आणि १० फूट उंच फलक करावयाचा आहे. त्याची रुंदी २४० इंच झाली. साध्या मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात रुंदीकडे ४००० बिंदू असतील, तर दर इंचाला सुमारे १७ बिंदू पडतात. असा फलक साधारण अठरा फुटांच्या पलीकडून स्वच्छ दिसेल. रस्त्याच्या वर, उंचावर लावायच्या फलकाला हे चालण्यासारखे आहे.

परंतु तेच छायाचित्र व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठविले, तर वाटेत त्याचा आकार कमी केला जातो. रुंदीला १६०० बिंदूच उरले, तर दर इंचाला सातसुद्धा पडत नाहीत आणि पंचेचाळीस फुटांच्या आतून पाहणाऱ्याला चेहरा अस्पष्ट दिसतो. मोबाइलच्या लहान पडद्यावर मात्र हा दोष मुळीच जाणवत नाही. म्हणून छायाचित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावे. मूळ फाइल जशीच्या तशी मिळते. संगणकावर बिंदूंची संख्या वाढविता येते. पण ते नवे बिंदू शेजारच्या रंगांवरून अंदाजाने भरलेले असतात. कॅमेऱ्याने न टिपलेली डोळ्यांतील चमक त्यामुळे परत येत नाही.

उलट चूकही घडते. दर इंचाला ३०० बिंदू हवेतच, असा आग्रह धरला, तर या फलकाच्या रुंदीला ७२,००० आणि उंचीला ३६,००० बिंदू लागतील. एवढी फाइल संगणकाला पेलत नाही आणि पाहणाऱ्यालाही तिचा उपयोग नसतो. म्हणून अनेक कारागीर एक दशांश मापाने काम करतात. २४ इंच रुंद आणि १२ इंच उंच अशी फाइल दर इंचाला ३०० बिंदूंनी तयार केली, की दहापट मोठी छापताना दर इंचाला ३० बिंदू मिळतात. अक्षरे मात्र छायाचित्रात मिसळू नयेत. ती वेक्टर स्वरूपात, म्हणजे रेषांच्या गणिती मापांनी, ठेवावीत. अशी अक्षरे कितीही मोठी केली तरी फाटत नाहीत. चारही बाजूंना शिवण आणि रिंगा यांसाठी रिकामी जागा सोडावी.

कर्नाटकात २०१६ साली प्लास्टिकच्या फ्लेक्स फलकांवर बंदी आली. पण छपाई कापडावर असो वा कागदावर, बिंदूंचा हिशेब तोच राहतो.

एकदा छापलेला फलक पुसता येत नाही. तो बिघडला, तर शाई, कापड आणि मजुरी वाया जाते. लहान दुकानदाराची दिवसाची कमाई त्यात बुडू शकते. फलक श्रद्धांजलीचा असेल, तर हानी केवळ पैशांची नसते. ज्या माणसाची आठवण जपायची, त्याचाच चेहरा ओळखू येत नाही. यावर उपाय सोपा आहे. फलकावरील चेहऱ्याचा वीतभर भाग प्रत्यक्ष मापात साध्या कागदावर छापावा, भिंतीला लावावा आणि लोक जेथून पाहणार, तितके अंतर चालून जाऊन तेथून पाहावा. बिंदू एकमेकांत मिसळून चेहरा उमटला, तर छपाईला हरकत नाही; न उमटला, तर मूळ छायाचित्र पुन्हा मागवावे.