नवी गादी घेताना

द्राक्षाचा हंगाम उरकला, बेदाणा शेडवरून उतरून विकला गेला, की आपल्या कवठे महांकाळ भागात मुलींच्या लग्नाच्या याद्या निघतात. पलंग, कपाट आणि पलंगावरची गादी या यादीतल्या ठरलेल्या वस्तू. मग मिरजेच्या, सांगलीच्या दुकानांत फेऱ्या होतात आणि सर्वांत जाड, सर्वांत चमकदार गादी टेम्पोत चढते. त्याच घरात दादी मात्र वीस वर्षांपूर्वीच्या, गोळे झालेल्या गादीवर कूस बदलत रात्र काढत असते. तिच्या गादीची आठवण यादी करताना कुणाला होत नाही.

गादी ही दाखवण्याची वस्तू नाही, झोपण्याची आहे. माणसाच्या आयुष्याचा जवळपास तिसरा हिस्सा तिच्यावर जातो. म्हणून खरेदीला निघण्यापूर्वी घरातच तीन प्रश्नांची उत्तरे ठरवून घ्यावीत, असे आम्ही सुचवतो. जुनी गादी खरोखर निकामी झाली आहे का? नव्या गादीवर कोण झोपणार? आणि पैसे कुठून येणार?

आधी नदाफांना विचारा

फोमची गादी एकदा बसली की बसली. कापसाच्या गादीचे तसे नाही. ती उसवून कापूस पिंजला, थोडी नवी भर घातली, वरचे कापड बदलले की गादी पुन्हा उभी राहते. हे काम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नदाफ, पिंजारी, मन्सुरी कुटुंबे करत आली. ‘नदाफ’ हा शब्दच अरबीतला. त्याचा अर्थ कापूस पिंजणारा. सूफी मन्सूर हल्लाज यांच्या नावातला ‘हल्लाज’ही कापसाच्याच कामाचा आणि मन्सुरी हे नाव त्यांच्याशी जोडले जाते. खांद्यावर पिंजण घेऊन गल्लीतून फिरणारा कारागीर आता क्वचित दिसतो. त्याच्या जागी ‘गादी कारखाना’ अशी पाटी लावलेली छोटी दुकाने आणि विजेची पिंजण यंत्रे आली.

गादी पिंजायला देताना काही गोष्टी पाळाव्यात. देण्याआधी गादीचे वजन करावे आणि परत आल्यावर पुन्हा करावे. जुन्या कापसातली धूळ उडून वजन थोडे घटते. ते किती घटले आणि नवी भर किती घातली, हे दोन्ही कळते. शक्य असेल तर पिंजताना समोर बसावे. टाके जवळजवळ घालायला सांगावेत, म्हणजे कापूस एका बाजूला सरकत नाही.

नवी गादी भरून घ्यायची असेल तर कापूस हातात घेऊन पाहावा. एका शिंगल गादीला साधारण आठ ते बारा किलो कापूस लागतो. चांगल्या कापसाची चिमूट ओढली की तंतू लांब निघतो. चिंध्या पिंजून केलेला माल ओढताच तुटतो आणि बोटांना धूळ लागते. कृत्रिम तंतूची शंका असेल तर दोन-चार तंतू चिमट्यात धरून घराबाहेर जाळून पाहावेत. कापूस जळताना कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळते आणि त्याचा कडक मणी होतो.

आपल्या कोरड्या, तापणाऱ्या हवेला कापूस मानवतो. तो घाम टिपतो आणि उन्हात टाकला की पुन्हा फुलतो. पण गादी जड असते आणि महिन्यातून एक-दोनदा तिला गच्चीवर ऊन दाखवावेच लागते. हे कष्ट कोण करणार, तेही घरात ठरवावे. पाठ धरलेल्या अम्मीवर ते काम टाकून कापसाचे गुण गाण्यात अर्थ नाही.

दुकानातल्या गाद्या

दुकानात मुख्यतः तीन प्रकार दिसतात.

*काथ्याची गादी* : नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक चढवून ती बनवतात. हवा खेळती राहते, उन्हाळ्यात तापत नाही. ती कडक असते आणि काही वर्षांनी झोपण्याच्या जागी खळगा पडतो.

*फोमची गादी* : हलकी, उचलायला सोपी. दुकानदार ‘32 ची’, ‘40 ची’ म्हणतात ती फोमची घनता, म्हणजे एका घनमीटर फोमचे वजन किलोमध्ये. शाळेत शिकलेले गणित इथे उपयोगी पडते. 72 इंच लांब, 36 इंच रुंद, 4 इंच जाड फोमचे आकारमान 6 घनफूट, म्हणजे सुमारे 0.17 घनमीटर. तो 32 चा असेल तर वजन साडेपाच किलोच्या आसपास भरेल, 40 चा असेल तर पावणेसात किलोच्या आसपास. खोळीचे वजन वेगळे. दुकानात काटा असतोच. सांगितलेला आकडा खरा की नुसता तोंडचा, ते तिथेच कळते. मात्र फोमचे तुकडे दाबून, चिकटवून केलेला ‘रिबॉन्डेड’ फोम मुळातच जड असतो. त्याची तुलना साध्या फोमशी करू नये. मेमरी फोम 1966 मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेसाठी, विमानातल्या आसनांकरिता तयार झाला. तो शरीराच्या आकाराप्रमाणे दबतो, पण अंगाची ऊब धरून ठेवतो. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या घरात ही ऊब नकोशी होते.

*स्प्रिंगची गादी* : एकमेकींना जोडलेल्या स्प्रिंगा असतील तर एकाने कूस बदलली की दुसरा हलतो. प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असेल तर हा त्रास कमी, पण किंमत जास्त.

कडक गादी पाठीला चांगली?

पाठदुखीवर ‘फळीवर झोपा’ हा सल्ला आपण लहानपणापासून ऐकतो. स्पेनमधील डॉक्टरांनी जुनी कंबरदुखी असलेल्या 313 जणांना काहींना कडक, काहींना मध्यम कडक गादी देऊन तीन महिने पाहणी केली. 2003 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचा निष्कर्ष आला : मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना अधिक आराम पडला. गादीवरचा ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द कंपनीने छापलेला असतो. तो डॉक्टरांचा दाखला नव्हे.

परीक्षा सोपी आहे. चप्पल काढून गादीवर रोजच्यासारखे कुशीवर आणि पाठीवर दहा मिनिटे पडावे. खांदा व कंबर थोडी रुतावी, पण पाठीची कमान होऊ नये. बायकांना दुकानात सर्वांसमोर आडवे व्हायला संकोच वाटतो. त्यासाठी दुपारची, गर्दी नसलेली वेळ निवडावी, सोबत घरचे माणूस असावे. ज्यांना झोपायचे आहे त्यांनीच पाहून घेतल्याशिवाय सौदा करू नये.

कोणासाठी काय

तान्ह्या बाळाची गादी घट्ट आणि सपाट असावी. मऊ गादीत किंवा उशीत तोंड रुतले तर बाळाला मान फिरवता येत नाही आणि श्वास कोंडण्याचा धोका असतो. बाळाला उताणे झोपवावे.

लहान मूल रात्री अंथरूण ओले करत असेल, तर धुता न येणारी जाड गादी म्हणजे पाकीचा रोजचा प्रश्न. गादीला पाणी न शिरणारे आवरण घालावे आणि चेन असलेली, काढून धुता येणारी खोळ घ्यावी. दम्याच्या मुलासाठीही हेच लागू. खोळ-चादर आठवड्याला गरम पाण्यात धुवावी.

गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी गादीपेक्षा उंची महत्त्वाची. पलंगावर बसल्यावर पाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. पलंग आधीच उंच असेल तर आठ इंची गादी त्यांच्या कामाची नाही. चार इंची पुरे.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी कुठलीही महागडी गादी पुरेशी नसते. पंपाने आळीपाळीने फुगणारी हवेची गादी औषधांच्या मोठ्या दुकानांत मिळते. भाड्याने मिळेल का, तेही विचारावे. ती घेतली तरी साधारण दर दोन तासांनी कूस बदलून देणे चुकत नाही.

माप, बिल आणि हप्ता

पलंगाचे माप आतल्या बाजूने, इंचांत घ्यावे आणि कागदावर लिहून न्यावे. शिंगल गादी 72, 75 किंवा 78 इंच लांब असते. तीन इंचांचा फरक घरी आल्यावर कळला तर परतीचा टेम्पो आपल्या खर्चाने.

पक्के बिल घ्यावे. त्यावर गादीचा प्रकार, जाडी आणि घनता लिहून मागावी. वॉरंटी कार्ड दुकानातच वाचावे : किती इंच खळगा पडला तर बदलून मिळेल, डाग पडला तर वॉरंटी जाते का, ने-आण कोणाची. तक्रार ऐकली गेली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे; पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते.

‘बिनव्याजी हप्ता’ या पाटीपाशी थांबून विचार करावा. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, ते बहुधा प्रक्रिया शुल्काच्या रूपाने ग्राहकाकडूनच घेतले जाते, असे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावले होते. म्हणून आधी रोखीची किंमत विचारावी, मग हप्त्यांची बेरीज करावी. दोहोंतला फरक म्हणजे काय, हे आपल्या घरांत वेगळे सांगायला नको.

यादीतली गादी

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांचा बिछाना कातड्याचा होता आणि त्यात खजुरीच्या झाडाचे तंतू भरलेले होते, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितल्याचे हदीसमध्ये आहे. याचा अर्थ आपण कष्टात झोपावे असा नाही. पण नव्या जोडप्याची गादी शेजाऱ्यांना दिसावी म्हणून बापाने कर्ज काढावे, हे त्या बिछान्याशी जुळत नाही.

नव्या घरात गादी हवीच असेल तर ती मुलाकडच्यांनी घ्यावी, आणि मुलगा-मुलगी दोघांच्या पसंतीने घ्यावी. सांगायला संकोच वाटत असेल तर घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याने बोलणी होतानाच हा विषय काढावा. मुलीच्या घरी त्यातून जो पैसा वाचेल, त्यातला थोडा बाजूला ठेवून दादीची गादी त्याच आठवड्यात पिंजायला टाकावी.