एक कोटी चाळीस लाख व्होल्टच्या पोटातला पापुद्रा

संपादकांनी सांगितलं होतं, कुलाब्याच्या पेलेट्रॉनवर लिहा. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि भाभा अणुसंशोधन केंद्र यांनी मिळून चालवलेलं, आयनांना म्हणजे विद्युतभारित अणूंना वेग देणारं हे यंत्र. 1988च्या डिसेंबरात सुरू झालं, अजून चालतं. अणुभौतिकीची चार पुस्तकं चाळून मी गेले, आणि अडकले ती एका काळसर पापुद्र्यापाशी.

नेव्हीनगरच्या टोकाला, समुद्राला लागून संस्थेचं आवार आहे. तिथल्या एका उंच इमारतीत पोलादाची टाकी उभी आहे. उंची सुमारे 25 मीटर, म्हणजे आठ मजले, आणि व्यास सहा मीटर. टाकीच्या बरोबर मध्यावर टर्मिनल नावाचा धातूचा डबा चहूकडून विजेपासून तोडून ठेवलेला असतो. त्याच्यावर एक कोटी चाळीस लाख व्होल्टपर्यंत दाब चढवता येईल अशी या यंत्राची घडण आहे. घरातल्या भिंतीवरच्या सॉकेटात 230 व्होल्ट असतात.

एवढा दाब चढतो कसा? अमेरिकेत रॉबर्ट व्हॅन डी ग्राफ यांनी 1929मध्ये फिरत्या पट्ट्यावरून विद्युतभार वर वाहून नेण्याची युक्ती दाखवली होती. पण पट्टा झिजतो, त्याची धूळ उडते, भार कमी-जास्त पोचतो. विस्कॉन्सिनचे रे हर्ब यांनी 1960च्या दशकात पट्टा काढून साखळी बसवली. धातूच्या नळकांडीसारख्या गोळ्या, आणि दोन गोळ्यांमध्ये नायलॉनचा दुवा. या गोळ्या म्हणजे पेलेट. यंत्राला नाव त्यांच्यावरूनच पडलं. कुलाब्याचं यंत्र हर्ब यांच्याच कंपनीनं बांधलेलं आहे. ज्यांनी विहिरीवरचा रहाट पाहिला असेल त्यांना वेगळं काही सांगायला नको. प्रत्येक गोळी हे एक गाडगं. जमिनीकडच्या चाकावरून निघताना शेजारच्या ऋणभारित पट्टीमुळे तिच्यातले इलेक्ट्रॉन मागे ढकलले जातात, ती धनभार घेऊन टर्मिनलकडे जाते, तिथे रिती होते आणि परत फिरते. गाडग्यामागून गाडगं, आणि टर्मिनल भरत जातं.

आता आयनांचा प्रवास. टाकीच्या माथ्यावरच्या स्रोतात अणूंना एकेक जादा इलेक्ट्रॉन चिकटवून त्यांना ऋणभारित करतात आणि निर्वात नळीतून खाली सोडतात. टर्मिनल धन, आयन ऋण, ओढ लागणारच. मध्यावर पोचेपर्यंत, टर्मिनल एक कोटी वीस लाख व्होल्टला असेल तर, आयनाच्या खात्यात तेवढेच इलेक्ट्रॉन-व्होल्ट जमा होतात. पण तो तसाच पुढे गेला, तर त्याच टर्मिनलची ओढ त्याला मागे खेचून सगळी कमाई परत घेईल.

म्हणून वाटेत कार्बनचा पापुद्रा आडवा ठेवलेला असतो. आयन त्यातून आरपार जातो, पण अंगावरचे इलेक्ट्रॉन तिथे गळून पडतात. नऊ इलेक्ट्रॉन घेऊन आलेला ऑक्सिजन सात टाकतो आणि दोन घेऊन निघतो. आता तो सहापट धनभारित आहे, आणि आतापर्यंत ओढणारं टर्मिनलच त्याला दूर लोटतं, तेही सहापट जोरानं. हिशेब करा: आधी एक वाटा, नंतर सहा, मिळून आठ कोटी चाळीस लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट. वेग सेकंदाला जवळजवळ 32,000 किलोमीटर. टर्मिनलवरचा दाब तोच, पण तो दोनदा कामाला आला. मला हे कळलं तेव्हा मी वहीत पुन्हा एकदा गुणाकार करून पाहिला, केवळ आनंदासाठी.

पापुद्र्याचं वजन चौरस सेंटीमीटरला साधारण पाच मायक्रोग्रॅम. वर्तमानपत्राच्या एका कागदाच्या जाडीत असे दोन हजारांवर पापुद्रे मावतील. निर्वात पात्रात कार्बन तापवून त्याची वाफ काचपट्टीवर बसवतात. काचेला आधी साबणासारख्या द्रव्याचा हात दिलेला असतो. मग पट्टी तिरकी धरून पाण्यात सावकाश बुडवत जायचं. पापुद्रा काच सोडतो आणि पाण्यावर तरंगतो. खालून भोकाची चौकट आणायची आणि दुधावरची साय न मोडता उचलावी तसा तो अलगद उचलायचा. हे काम करणारा माणूस मी पाहिला. त्यानं आधी पंखा बंद केला, मग श्वास धरला. पहिला पापुद्रा कडेला चिरला, तो तसाच पाण्यात राहू दिला. दुसरा आला. चौकटीत काही आहे की नाही, हे मला उजेडाकडे धरल्यावरच दिसलं.

टाकीच्या तळाशी आयनांची परीक्षा होते. सगळ्या ऑक्सिजननी सात-सात इलेक्ट्रॉन टाकलेले नसतात. कुणी सहा, कुणी आठ. इथे चुंबक लागतो. विद्युतक्षेत्र आयनाला पुढे रेटतं, त्याची ऊर्जा वाढवतं. चुंबकीय क्षेत्राचा जोर मात्र नेहमी चालीला काटकोनात, त्यामुळे ते वेगात कणभरही भर घालत नाही, फक्त वळवतं. किती वळवणार, हे आयनाचा संवेग आणि भार यांवर ठरतं. खाली आलेल्या झोताला हा चुंबक 90 अंशांत वळवून आडवा करतो. ज्याचं गणित जुळतं तोच फटीतून निघतो, बाकीचे भिंतीला लागतात. फटीच्या दोन्ही ओठांवर पडणारा प्रवाह सतत मोजला जातो. टर्मिनलचा दाब किंचित ढळला की झोत एका ओठाकडे सरकतो, आणि तो इशारा टाकीतल्या, टर्मिनलवरचा भार झिरपू देणाऱ्या सुयांपर्यंत जाऊन दाब सावरला जातो. इथून निघालेला झोत पुढे 2007मध्ये पूर्ण झालेल्या अतिवाहक लिनॅकमध्ये, म्हणजे सरळ रेषेतल्या त्वरकात नेऊन आणखी वेगवान करता येतो. त्यातल्या तांब्याच्या कोठ्यांना शिशाचा मुलामा आहे आणि त्या द्रव हेलियमनं उणे 269 अंशांच्या आसपास ठेवतात. तो एका वेगळ्या लेखाचा विषय आहे.

माझं मन पापुद्र्यावरून हलत नव्हतं, कारण तो टिकत नाही. जड आयनांच्या माऱ्यानं त्याची वीण विस्कटते, तो आक्रसतो, फाटतो. म्हणून टर्मिनलमध्ये पापुद्र्यांचा साठाच भरून ठेवतात आणि बाहेरून हुकूम देऊन एक सरकवून दुसरा पुढे आणतात. त्या डब्यापर्यंत साधी तार नेता येत नाही. निरोप प्रकाशानं जातात.

साठा संपला की टाकी उघडावी लागते, आणि अडचणी खऱ्या तिथून सुरू होतात. दाब चढल्यावर आत ठिणगी पडू नये म्हणून टाकीत सल्फर हेक्झाफ्लोराइड दाबून भरलेला असतो. विजेला अडवण्यात हा वायू फार गुणी. पण पृथ्वी तापवण्यात तो वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या 23,000 पटींहून जास्त. तो हवेत सोडणं म्हणजे गुन्हाच वाटावा. त्यामुळे उघडायच्या आधी सगळा वायू उपसून साठवणीच्या टाक्यांत भरायचा. ठिणग्यांनी त्याचे विषारी तुकडे झालेले असतात, ते गाळून काढायचे. ओलावा शोषून घ्यायचा, तोही कुलाब्यात, जिथे चार महिने भिंतीसुद्धा घामेजतात. साखळीचे नायलॉनचे दुवे झिजले असतील तर बदलायचे, उडालेली भुकटी पुसायची. टाकी बंद केल्यावर टर्मिनलचा दाब एकदम चढवता येत नाही. थोडा वाढवायचा, थांबायचं, ठिणगी पडली तर खाली यायचं, पुन्हा चढायचं.

पस्तीस वर्षं उलटून गेलेलं यंत्र आहे. त्याची काळजी वाटते, आणि पापुद्रा उचलणारे हात पुढे कोणाचे असतील, याची त्याहून जास्त.

टाकीत उतरायच्या आधी दारातून ऑक्सिजन मोजतात. सल्फर हेक्झाफ्लोराइड हवेच्या पाचपट जड, तळाशी साचून राहतो. रंग नाही, वास नाही. आकडा योग्य आला की माणूस आत जातो. आठ मजल्यांच्या त्या अंधारात मध्यापर्यंत चढतो आणि पापुद्र्यांच्या चौकटी एकेक करून जागेवर बसवतो. तिथेही त्याला श्वास धरावा लागतो.