शेवटच्या फर्म्यापासून

चंद्रकांत काकोडकरांची नवी कादंबरी आली की आमच्या वाचनालयात ती लगेच कुणाला मिळत नसे. आधी तिची साल काढली जायची.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मी तालुक्याच्या गावच्या वाचनालयात खोडरबर घेऊन बसायचे. परत आलेल्या पुस्तकांतली पेन्सिल पुसायची, एवढंच काम. 'भिकार', 'वाहवा', 'असं कुठे घडतं?' आणि पहिल्याच पानावर कुणा दुष्टाने लिहून ठेवलेलं 'शेवटी जमतं'. शाईतल्या शेऱ्यांना इलाज नव्हता.

नवं पुस्तक दाखल नोंदवहीत चढायचं. शिक्का शीर्षकाच्या पानावर, आणि आणखी एक आतल्या ठरलेल्या पानावर. हे पान बाहेर कुणाला सांगायचं नाही, कारण चोरीला गेलेलं पुस्तक त्यावरूनच ओळखायचं. मग बाइंडरकाका. प्रकाशकाचं पातळ कव्हर आमच्या वाचकांपुढे पंधरा दिवसही टिकलं नसतं.

मागच्या पडवीत ते कव्हर सोलून काढत, कण्यावरचा सरस खरवडत आणि फर्मे सुटे करत. सोळा पानांचा एक फर्मा. 192 पानांची कादंबरी म्हणजे बारा फर्मे. दाभणाने भोकं, मेण ओढलेला दोरा, मोरचूद घातलेली मैद्याची खळ, पुठ्ठा, कण्याला कापड. खळीच्या आंबूस वासाशिवाय मला अजून प्रेमकथा पुरी वाटत नाही, हा माझा दोष.

काका शिवता शिवता वाचत. फर्मे पालथे रचलेले असल्यामुळे बारावा हाताशी पहिला यायचा. तो ओठ हलवत वाचून झाला की अकरावा, मग दहावा. मी एकदा म्हटलं, "काका, शेवट आधीच कळल्यावर मजा काय राहिली?"

"जमतं हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, ताई. का जमत नाही, ते बघायचं."

ना. सी. फडक्यांनी 1931 साली 'प्रतिभासाधन' लिहून कथेच्या तंत्राची चर्चा केली. काकांनी ते शिवलं असेल, वाचलं असेल असं वाटत नाही.

काकोडकरांची पुस्तकं खुल्या कपाटात नसत. 1962 सालच्या एका दिवाळी अंकात छापलेल्या 'श्यामा'वरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला होता. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं, पण आमच्या ग्रंथपालांचा निकाल अजून राखून ठेवलेला होता. त्याच वर्षी काकोडकरांच्या 'नीलांबरी'वरून 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट आला. मग बायका जरा मोठ्याने मागू लागल्या. तरी एक शाळामास्तरीणबाई पुस्तक टेबलावरच वर्तमानपत्रात गुंडाळून घेत आणि वर ज्ञानेश्वरीवरचं एखादं प्रवचनाचं पुस्तक ठेवत.

मुदत आठ दिवसांची, वर्गणी एकाची आणि वाचणारी तीन घरं. सासू दुपारी, सून रात्री, शेजारीण मधल्या वेळात. हे मला पानांवरून कळायचं. बोटांच्या टोकांची हळद, फोडणीचा तेलकट ठिपका, गजऱ्यातलं वाळकं फूल, एस. टी.चं तिकीट. सगळ्यात मळलेली पानं मधली, पाचव्या ते नवव्या फर्म्यापर्यंतची. तिथे कणीक मळता मळतासुद्धा पुस्तक खाली ठेवलं गेलेलं नसायचं. शेवटचा फर्मा जवळजवळ कोरा. तो हात धुऊन, निजानीज झाल्यावर वाचला जात असणार. काकांचं म्हणणं पानांनी असं परस्पर खरं ठरवलं होतं.

जाड शिवणीचा एक तोटा होता. आतला समास कण्यात जायचा आणि ओळीचं शेवटचं अक्षर दिसायला दोन्ही अंगठ्यांनी पुस्तक फाकवावं लागायचं. नायिका 'नाही' म्हणाली की 'नाहीतर', हे त्या अंगठ्यांवर अवलंबून.

नव्या कादंबरीसाठी मीही नंबर लावला होता. नोकरीला असले तरी रांग चुकली नाही. माझी पाळी आली तेव्हा तारखेच्या चिठ्ठीवर एकोणीस शिक्के पडले होते. त्या दिवशी वीज गेली होती. कंदील जवळ ओढून पहिलं पान उघडलं. कोरं होतं, मीच पुसलं होतं. पण लिहिणाऱ्याने पेन्सिल दाबून लिहिलं होतं. पान उजेडाशी तिरपं धरलं की 'शेवटी जमतं' स्पष्ट वाचता येत होतं.