चक्कर कानात, गोळी मेंदूत

अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९४७ साली अंगावर पित्त उठणाऱ्या एका गर्भवतीला डायमेनहायड्रिनेट हे नवं औषध दिलं गेलं. तिला ट्राम लागायची. हे औषध घेऊन निघाली, की मात्र मळमळ नाही, गरगर नाही. चक्करीवरच्या आजच्या बऱ्याच गोळ्या याच कुळातल्या, म्हणजे ॲलर्जीच्या औषधांच्या.

प्रत्येक कानात आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एकमेकींशी काटकोनात. मान वळली की नलिका लगेच वळते, आतला द्रव मागे रेंगाळतो आणि त्या ओढीने केशपेशींवरचे सूक्ष्म केस वाकतात. आपण स्वस्थ बसलेलो असतानाही दोन्ही कानांच्या नसा मेंदूला संदेश धाडतच असतात. मान उजवीकडे वळली की उजव्या कानाचे वाढतात, डाव्याचे घटतात. एका बाजूची नस सुजली, तर डोकं स्थिर असूनही असाच फरक पडतो आणि मेंदू समजतो, आपण फिरतोय.

चक्करीवरच्या गोळ्या मुख्यतः मेंदूवर चालतात. त्यांपैकी सिनारिझिन केशपेशींत शिरणारं कॅल्शियम अडवतं, म्हणजे थोडंफार कानातही चालतं. प्रोक्लोरपेराझिनचा भर मेंदूवर, मुख्यतः उलटी थांबवण्यावर. बीटाहिस्टिन आंतरकर्णाचा रक्तपुरवठा वाढवतं असं मानतात. पण जर्मनीत मेनिएर या आंतरकर्णाच्या विकाराच्या २२१ रुग्णांवर झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बीटाहिस्टिन घेणाऱ्यांचे आणि नुसती औषधहीन गोळी घेणाऱ्यांचे झटके सारखेच कमी झाले.

कूस बदलताच येणाऱ्या चक्करीत तर गोळीचा इलाजच नाही. कानातले कॅल्शियम कार्बोनेटचे कण सुटून नलिकेत शिरलेले असतात. त्यांना गोळी विरघळवत नाही, हलवतही नाही. डॉक्टर रुग्णाला आडवं करून ठरावीक क्रमाने डोकं वळवतात आणि कण मूळ जागी परततात. एपली या डॉक्टरांची ही पद्धत बहुतेकांना एक-दोन बैठकांतच गुण देते. दुर्दैवाने, ती न करताच महिनोन्‌महिने गोळ्या चालू राहतात.

त्याची किंमत मोठी आहे. बिघडलेल्या कानाशी जुळवून घ्यायला मेंदू हालचालींतूनच शिकतो. गोळीच्या गुंगीत ते शिकणं लांबतं. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन दीर्घकाळ घेतल्यास वृद्धांना कंपवातासारखा ताठरपणा येऊ शकतो. तीव्र झटक्यात दोन-तीन दिवस गोळी जरूर घ्यावी. घरातल्या ज्येष्ठांची गोळी महिनोन्‌महिने चालू असेल, तर ती अजून का हवी, हे डॉक्टरांना विचारा. चक्करीबरोबर बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसू लागलं किंवा हातपाय लुळे पडले, तर गोळी शोधत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.