ढोकीच्या काळ्या मातीतलं स्फुरद

ढोकीच्या शिवारात मातीचा नमुना घ्यायचा म्हटलं, की हात आधी खुरप्याकडे जातो. तो तिथेच आवरावा लागतो. लोह आणि जस्त तपासायचं असेल तर लोखंडी खुरपं, पत्र्याची बादली चालत नाही. लाकडाची खुंटी आणि प्लास्टिकचं घमेलं घ्यायचं. हिशेबच तेवढा बारीक आहे. किलोभर मातीत पिकाला मिळू शकणारं जस्त ०.६ मिलिग्रॅमच्या खाली गेलं, की जमिनीत जस्ताची कमतरता धरतात. बादलीवरच्या जस्ताच्या मुलाम्याचा कण पडला तरी आकडा खोटा ठरतो.

सोयाबीन निघाल्यावर, रब्बीचं खत पडण्याआधी हे काम उरकायचं. बांध, झाड, विहीर, उकिरड्याची जागा सोडून रानात नागमोडी चालायचं. दहा-बारा ठिकाणी काडीकचरा बाजूला सारून वीतभर खोल खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने तासायची. सगळी माती एकत्र पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. मग ती सावलीत वाळवायची.

“डीएपी तर दरसाल टाकतोच की, मग स्फुरद कमी कसं?” हा प्रश्न बांधावर हमखास येतो. उत्तर मातीतच आहे. चुनखडी असलेल्या काळ्या रानाचा सामू आठाच्या वर जातो. टाकलेलं बरंचसं स्फुरद चुन्याशी बांधलं जातं. जमिनीत असतं, पण मुळांच्या हाती लागत नाही. लोहाचंही तसंच, म्हणून उसावर केवडा पडतो, पानं पिवळी होतात. त्यामुळे प्रयोगशाळेत एकूण स्फुरद मोजत नाहीत, मुळांना मिळेल तेवढंच मोजतात.

ते मोजताना मी शेजारी उभं राहून पाहिलं. चाळलेली अडीच ग्रॅम माती, त्यात सोडियम बायकार्बोनेटचं ५० मिलिलिटर द्रावण, सामू ८.५. अर्धा तास हलवून गाळलं, आम्ल घातलं, बुडबुडे उठून शमले. मग अमोनियम मॉलिब्डेट आणि ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व. दहा मिनिटांत नळीत निळी छटा उतरली. स्फुरद जास्त तर निळा गडद, कमी तर फिका. पण डोळ्यांवर कोणी विसंबत नाही. ८८२ नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषला गेला ते यंत्र सांगतं. सोबत माती न घातलेली कोरी नळीही असते. रसायनांतूनच आलेला रंग तिच्यामुळे वजा करता येतो.

निळ्या रंगाची ही सुटसुटीत रीत मर्फी आणि रायली या रसायनशास्त्रज्ञांनी १९६२ साली समुद्राच्या आणि इतर नैसर्गिक पाण्यासाठी बसवली. १९६६ साली स्थापन झालेल्या, गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी अरबी समुद्राचं पाणी अशाच निळ्या रंगावर जोखतात. तिथे पृष्ठभागावर लिटरला जेमतेम काही मायक्रोग्रॅम स्फुरद असतं. पावसाळ्यात किनाऱ्यालगत खालचं गार पाणी स्फुरद घेऊन वर येतं, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांच्यावर तारली पोसली जाते.

समुद्रातली उणीव भरून काढणं कोळ्याच्या हातात नाही. रानातली भरून काढणं शेतकऱ्याच्या हातात आहे. म्हणून आग्रहाची विनंती: डीएपीचं पोतं उचलण्याआधी मातीची पिशवी तपासणीला पोहोचवा. तिच्यावर गट नंबर, मागचं पीक, पुढचं पीक लिहा. २०१५ साली सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेवर स्फुरद, जस्त, लोह धरून बारा घटकांचे आकडे येतात. जस्त कमी निघालं तर हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्या; डीएपीत मात्र ते मिसळू नका.